मामांची म्हस राखाडी आली तेव्हा

माझ्याकडं रंकाळ्यावरच्या एका बगळ्याचे चारशे अकरा फोटो आहेत. बगळा एकच आहे की वेगवेगळे, हे खात्रीनं सांगता येणार नाही. पण उभा राहायची पद्धत एकच आहे, म्हणून मी एकच धरतो. सगळे फोटो स्पष्ट आहेत. पिसन् पीस मोजून घ्यावं. बायकोनं त्यातले पहिले सात बघितले आणि विचारलं, "ह्यानं पुढं काय केलं?"

"काही नाही. उभा होता."

"आणि तुम्ही?"

मीही उभाच होतो.

पंचेचाळिशी ओलांडली की माणसांना काही ना काही होतं. कुणाला शुगर होते, कुणाला गुडघा होतो. मला कॅमेरा झाला. आधी एक साधा झाला, मग तो बळावला. बॅगेत आता दोन लेन्स असतात, ट्रायपॉड असतो, तीन बॅटऱ्या, चार फिल्टर, धूळ उडवायचा रबरी फुगा आणि पाऊस आलाच तर कॅमेऱ्याला घालायचं टोपडं. मला घालायचं काही नसतं. एकदा रद्दीवाला दारात आला होता, तेव्हा त्याच्या काट्यावर ही बॅग टाकून बघितली. साडेआठ किलो भरली. तो म्हणाला, "देताय?" बायको आतनं म्हणाली, "विचार करून सांगते."

नोकरीचं सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातनंच झाला. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पंचतारांकित हे वसाहतीचं नाव आहे, कँटीनचं नाही. मशीनवरनं उतरलेला लोखंडी तुकडा, ज्याला आम्ही जॉब म्हणतो, तो मापात आहे का ते बघायचं आणि नसला तर बाजूला काढायचा, हे माझं काम. मापायला डायल गेज असतं. घड्याळासारखी तबकडी आणि एक काटा. काटा शून्यावर आला की जॉब पास. चोवीस वर्षं मी काट्याकडं बघतोय. काटा शून्यावर असला की मला जेवण गोड लागतं.

आता मामा. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात; बायको त्यांना आबा म्हणते आणि गाव तात्या. ते उचगावात राहतात आणि जन्मभर त्यांनी म्हशी पाळल्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर फोटोंची एक ओळ आहे. डावीकडं त्यांचे आईवडील, उजवीकडं देव आणि मधे चार म्हशी. रीत अशी, की चांगली म्हस दावणीवरनं जायची असली की तिच्या शेवटच्या पाडव्याला, सजवलेली असताना, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचा. चार फोटोंत मामा क्रमाक्रमानं म्हातारे होत जातात. म्हस दर वेळी तरणी.

दिवाळीच्या आधी आम्ही गेलो, तेव्हा त्या ओळीत पाचवा खिळा ठोकलेला होता. नुसताच खिळा.

"यंदा ही जाणार," मामा म्हणाले. "कुरुंदवाडला पुतण्याकडं. माझं गुडघं आता बसू देईनात. धारंला बसलो की उठवायला दोघं लागत्यात."

मेव्हणा कंपनीत शिफ्टला, त्याच्याच्यानं होणार नव्हतं. ही गेली की गोठा रिकामा. त्यानंतर म्हस नाही. हे मामांनी सांगितलं नाही, पण खिळ्याच्या पुढं भिंतीला जागाच नव्हती, त्यावरनं कळत होतं.

म्हशीचं नाव मी इथं लिहीत नाही. माझ्या मेहुणीचंही तेच आहे, आणि आधी कुणाचं ठेवलं ह्यावर घरात अजून एकमत नाही.

"फोटू कोण काढणार ह्योच घोर हाय," मामा म्हणाले. "आपल्या फोटोवाल्यानं दुकान बंद केलं. ल्योकाकडं पुण्याला गेलाय."

ह्यावर मी बोललो. किती बोललो ते मला आठवत नाही, पण चहा आला तेव्हा मी सेन्सरच्या आकारावर होतो आणि चहावर साय धरली तेव्हा लेन्सच्या काचेवर. मामांनी सगळं ऐकून घेतलं. जावयाचं ऐकून घ्यावं लागतं.

"काळी यील न्हवं?" त्यांनी विचारलं.

"मामा, एकेक केस दिसेल."

"केस आमी भादरल्यात. काळी यील न्हवं, एवढंच विचारलं."

"काळीच येणार की!"

परत येताना गाडीत बायको म्हणाली, "आबांनी तुम्हाला विचारलं नव्हतं. ते नुसतं सांगत होते."

पाडव्याला सकाळीच पोचलो. म्हस गोठ्याबाहेर काढून बांधली होती. अंगभर खोबरेल तेल, शिंगं एक भगवं आणि एक हिरवं, कपाळावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत घुंगरं. काळी म्हणजे किती काळी, तर तिच्या कुशीत मला माझं तोंड दिसलं आणि मी केस सारखे केले. मामांनी पांढरा फेटा बांधलेला, पांढरा सदरा, पांढरं धोतर; मिशा तर आहेतच पांढऱ्या.

पाडव्याला आमच्याकडं म्हशी देवळापर्यंत पळवत नेतात. पुढं मालक मोटरसायकलवर, मागं म्हस, आणि दोघांनाही थांबायची इच्छा नाही. मामाही एके काळी असे न्यायचे. ह्या वर्षी ते काठी घेऊन चालत निघाले. सगळ्या म्हशी पुढं धुरळा उडवत गेल्या, आणि ही एकटी मामांच्या मागनं एक-एक पाऊल टाकत चालली. दोरी ढिलीच होती. मामा थांबले की थांबायची. कोपऱ्यावरनं कुणीतरी ओरडलं, "तात्या, म्हशीलाबी गुडघा झाला व्हय?"

"व्हय," मामा म्हणाले. "वाण न्हाई, पर मालकाचा गुण लागलाय."

देवळासमोर फोटो काढायचा होता. ऊन चांगलं होतं. मामा म्हशीच्या मानेशी उभे राहिले, काठी मागं टेकून ठेवली, आणि त्यांनी उजवा हात माझ्याकडं पसरला. तळहात वर, बोटं जुळवलेली. काही मागितल्यासारखा.

मी बघत राहिलो. मामा हात पसरून उभे. गंभीर तोंड. बोलायचं नाव नाही. मला वाटलं, त्यांना काहीतरी मदत करायचीय. माझ्या हातात त्या वेळी लेन्सचं झाकण होतं. ते मी त्यांच्या तळहातावर ठेवलं.

मामांनी झाकणाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग मूठ मिटली आणि हात खाली घेतला.

मी कामाला लागलो. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवला. ऑटो हे ज्यांना काही कळत नाही त्यांच्यासाठी असतं. कॅमेऱ्यात उजेड मोजायचं मीटर असतं, शून्याच्या एका बाजूला अधिक आणि एका बाजूला उणे अशी पट्टी, आणि तिच्यावर सरकणारा एक काटा. महत्त्वाची होती म्हस, म्हणून मी मीटर बरोब्बर म्हशीच्या कुशीवर धरलं. काटा खूप उण्यात होता. मी शटर हळू करत करत काटा शून्यावर आणला. शून्य. मला बरं वाटलं.

पहिला फोटो काढल्यावर मागच्या स्क्रीनवर मामांचा सदरा लुकलुकायला लागला. फेटाही. मिशाही. उजेड जास्त झाला की कॅमेरा असा इशारा देतो, हे मी पुस्तिकेत वाचलं होतं. पण काटा शून्यावर होता. लुकलुकण्यानं लक्ष विचलित होतं म्हणून मेनूत जाऊन मी ती सोय बंद केली. मग शांतपणे त्रेसष्ट फोटो काढले. उन्हात स्क्रीन नीट दिसत नव्हती. पण काटा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळणी झाली, जेवणं झाली, आणि मेव्हण्यानं पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. सगळे सतरंजीवर बसले. मामांना खुर्ची दिली.

पडद्यावर एक राखाडी म्हस आली.

तेल लावलेल्या म्हशीची तकाकी नाही, काही नाही. चुलीतल्या राखेत लोळून आल्यासारखी दिसत होती. तिच्याशेजारी फिकट तोंडाचा एक माणूस होता, पण त्याचं डोकं कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं हे कळत नव्हतं. फेटा गेला होता. मिशा गेल्या होत्या. सदऱ्याच्या जागी नुसता उजेड होता, आणि त्यातनं एक मिटलेली मूठ बाहेर आलेली.

मेव्हण्यानं टीव्हीचा उजेड कमी करून बघितला.

"ही कुणाची म्हस?" मामांनी विचारलं.

"आबा, आपलीच की," बायको म्हणाली.

"आपली काळी हाय."

मेव्हण्यानं दुसरा लावला, तिसरा लावला. त्रेसष्ट फोटो आहेत, असं मी उगाच सांगितलं होतं.

सासूबाई मला धीर द्यायला म्हणाल्या, "शिंगं झ्याक आल्यात." मग त्यांनी मामांकडं बोट केलं. "पर ह्यांचं तोंड असं धुवून निघाल्यागत का झालंय?"

मामा उठले नाहीत, रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खिळ्याकडं बघत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. फोटू नसला म्हणून म्हस न्हवती आसं थोडंच हाय."

त्या रात्री मी घरी कॉम्प्युटरवर बसलो. कॅमेऱ्यानं टिपलेली सगळी कच्ची माहिती मी नेहमी साठवून ठेवतो. त्यातनं बिघडलेला फोटो बराच सुधारता येतो. म्हस सुधारली. खेचून खेचून काळी केली. पण मामा परत आले नाहीत. जिथं नुसता उजेड भरलाय तिथं मिशी नोंदलेलीच नसते, मग ती काढणार कुठनं? खेचल्यावर पांढऱ्याचा करडा होतो, एवढंच. चकचकीत काळ्या म्हशीशेजारी करड्या कागदाचा एक माणूस उभा राहिला. बायकोनं मागनं बघितलं आणि म्हणाली, "हा लावू नका. ह्याला हार घालावासा वाटतोय."

पुतण्याचा टेम्पो सोमवारी सकाळी नऊला येणार होता. रविवारी मी एकटाच उचगावला गेलो. कबुली द्यायला म्हणून गेलो होतो, पण तिथं जाऊन भिंतीसमोर उभा राहिलो. चार म्हशी. चारी काळ्या. चारी वेळा मामांचा पांढरा सदरा, आणि त्याची बटणं मोजता येत होती. तो फोटोवाला, त्याचा जुना कॅमेरा, त्यात मागं स्क्रीन नाही, लुकलुकणं नाही.

आणि चारी फोटोंत मामांचा उजवा हात अंगापासनं थोडा सुटलेला. आत्ताच खाली घेतल्यासारखा.

"मामा," मी विचारलं, "हा हात?"

"हात दाखवा म्हणायचा त्यो," मामा म्हणाले. "फोटूच्या आधी. मी हात पसरायचा. त्यो एक डबी आणून तळव्याम्होरं धरायचा आन् बघायचा. पयल्यांदा मला वाटलं भविष्य बघतूय. मग भिंगाची कडी फिरवायचा, टक् करून एकदा, आन् म्हणायचा, घ्या खाली. की काढला फोटू. चार म्हशी झाल्या, चार येळा हात दाखवला."

"मग परवा तुम्ही मला..."

"दाखवला की. तुमी झाकण दिलं."

मी खाली सतरंजीवर बसलो.

कारखान्यात नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना एकच गोष्ट सांगतो. चोवीस वर्षं सांगतोय. डायल गेजला स्वतःचं काही कळत नसतं. आधी ज्याचं माप पक्कं माहीत आहे असा एक तुकडा घ्यायचा, त्याला मास्टर म्हणतात. मास्टरवर काटा शून्य करायचा, आणि मग जॉब मापायचा. जॉबवरच शून्य केलात तर कसलाही भंगार तुकडा पास होईल. हे मी दरडावून सांगतो. मागच्या वर्षी ह्याच्यावरनं एकाला मी सगळ्यांसमोर बोललो होतो.

फोटोवाल्याची डबी म्हणजे उजेड मोजायचं सुटं मीटर. कॅमेऱ्यातल्या मीटरलाही स्वतःचं काही कळत नाही. समोर जे असेल ते मधल्या राखाडीएवढं उजळ आहे, असं ते धरून चालतं. काळी म्हस दिली तर तिला उजळून राखाडी करतं, आणि तसं झालं की शून्य दाखवतं. मी जॉबवरच काटा शून्य केला होता. मास्टर, म्हणजे ज्याचा उजळपणा ठरलेला असतो तो तळहात, मामांच्या मनगटाला लागलेला होता, त्यांनी तो स्वतः पुढं केला होता, आणि मी त्याच्यावर झाकण ठेवलं होतं.

"उद्या सकाळी परत काढू," मी म्हणालो.

"सजावट उतरलीया."

"असू दे."

मामांनी थोडा विचार केला. "तेल तेवढं लावतो," म्हणाले.

सोमवारी सातला आम्ही दोघं पोचलो. बॅग मी घरीच ठेवली, नुसता कॅमेरा आणि एक लेन्स. लेन्सला त्या दोन दिवसांत बायकोनं श्रीखंडाच्या डब्याचं झाकण दिलं होतं. ते बसलंही होतं. मामांनी म्हशीला तेल लावायला घेतलं होतं. मेव्हणा मदत करतो म्हणाला तर त्याला करू दिली नाही. एका हातानं गोठ्याचा खांब धरायचा आणि दुसऱ्या हातानं पाठीपासनं पोटापर्यंत चोळत यायचं. गुडघा दुखला की थांबायचं. तोवर म्हसही न हलता उभी. तुरा नाही, माळ नाही. शिंगांचा रंग तेवढा राहिला होता, आणि हिरव्याचं टोक खरवडलेलं. असं करता करता पावणेआठ वाजले. मामांनी फेटा बांधायला घेतला आणि बाहेर हॉर्न वाजला. पुतण्या नऊला येणार होता. रस्ता मोकळा मिळाला म्हणे.

"तात्या, चला की! ऊन व्हायच्या आत पोचू द्या तिला."

"थांब रं जरा," मामा म्हणाले. "फोटू चाललाय."

ते म्हशीच्या मानेशी येऊन उभे राहिले. फेटा थोडा डावीकडं कललेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि वाट बघत राहिले.

"मामा, हात दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी हात पसरला. तो कोपरापासनं बोटांपर्यंत तेलानं आणि म्हशीच्या अंगावरच्या धुळीनं काळा झालेला होता. म्हशीपेक्षा फार वेगळा नव्हता. मास्टर खराब झाला तर तो धुऊन, पुसून घ्यायचा असा नियम आहे. पण बाहेर पुतण्यानं टेम्पोचं मागचं फळकूट खाली टाकलं होतं. मी माझा डावा हात उन्हात धरला, त्याच्यावर मीटर घेतलं. तळहात मधल्या राखाडीपेक्षा उजळ असतो, म्हणून उजेड एक घर, म्हणजे दुप्पट, वाढवला. फोटोवाल्याची कडी टक् करून वाजायची ती ह्यासाठीच असणार. कुणाचाही हात चालतो, हे मला तेव्हा कळलं. माझा तर मी रंकाळ्यावरही रोज नेत होतो. बॅगेत जागाही लागत नाही.

तरी मी पुढं गेलो आणि मामांच्या तळहाताजवळ कॅमेरा नेऊन नीट बघितलं. ते थांबले होते त्यासाठी.

मग मागं येऊन डोळा लावला. पण एक राहिलं. "घ्या खाली" हे म्हणायचं असतं, ते मी म्हणालोच नाही. त्यामुळं मामांनी हात खाली घेतला नाही. ते तसेच ताठ उभे, हात पुढं, तळवा वर. म्हशीनं तो हात बघितला. हात पसरलाय म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं तिला वाटलं असावं. तिनं मान वळवली, हुंगलं, आणि मनगटापासनं बोटांपर्यंत एकदा चाटलं. मामांनी तिच्याकडं बघितलं.

तेवढ्यात मी बटण दाबलं. एकच फोटो. दुसऱ्याला पुतण्या मधे आला.

तिला टेम्पोत चढवायला कुणी ओढलं नाही. मामा फळकुटापर्यंत चालत गेले, ती त्यांच्या मागनं गेली. पुढचं तिचं ती चढली. मामांना फळकूट चढता येत नव्हतं.

फोटो मोठा करून, काचेची चौकट घालून, पुढच्या रविवारी नेला. मेव्हण्यानं खिळ्याला लावला. फेटा कललेला आहे, अंगात सदरा नाही, बंडीच आहे, तिला बाहेरनं ठिगळ आहे ते दिसतं, मिशीचा केसन् केस दिसतो. हात पुढं आलाय, त्यामुळं रांगेतल्या बाकी चौघींशेजारी हा जरा बेशिस्त वाटतो. मामा खुर्ची ओढून समोर बसले आणि बराच वेळ बघत राहिले. बायको माझ्याकडं बघत होती. मी खिळ्याकडं.

"काळी हाय," मामा म्हणाले.

आम्ही चहा घेतला. निघताना मी चपला घालत होतो, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"पावणं, हे तेवढं न्या." त्यांनी बंडीच्या खिशातनं लेन्सचं झाकण काढून माझ्या हातावर ठेवलं. "पाडव्यापास्नं संबाळतोय. कशाचं हाय काय कळंना, पर तुमी इस्वासानं दिलंतं."

श्रीखंडाचं झाकण बायकोनं परत घेतलं. मूळचं आता लेन्सला बसवलंय, घट्ट बसतं. त्याला खोबरेल तेलाचा वास येतो. पुसायचं कापड बॅगेत आहे, खास लेन्ससाठीचं. पण ते मी अजून काढलेलं नाही.